परक्या पियानोवर हात ठेवण्यापूर्वी

पोरी, पुढच्या महिन्यात तुझी पहिली मोठी मैफल आहे आणि त्याच महिन्यापासून तू घरी चार मुलांना शिकवायला घेते आहेस. दोन्ही एकदम आलं याचा मला आनंद झाला. माझंही तसंच झालं होतं. ज्याला वाजवायला मिळत नाही तो शिकवतो, असं लोक तुला सांगतील. ऐकू नकोस. शोपँने आयुष्यभरात जेमतेम तीसेक जाहीर मैफली केल्या. पॅरिसमधलं त्याचं घर चाललं ते शिकवण्यांवर. क्लारा शुमान आठ मुलांची आई. नवरा 1856 साली गेला, तेव्हापासून तिने मैफलींवर घर चालवलं आणि 1878 पासून फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीत शिकवलंही. या दोन कामांत वर-खाली असं काही नाही. दोन्हीकडे अडचणही एकच आहे, आणि तीच मला आज तुझ्याशी बोलायची आहे.

सतारवाला आपली सतार सांभाळत गाडीत चढतो. व्हायोलिनवाला पेटी उशाशी घेऊन झोपतो. आपण मात्र रिकाम्या हातांनी जातो. कॉन्सर्ट ग्रँड म्हणजे पावणेतीन मीटर लांब आणि साडेचारशे किलोहून जड. तो कोण कुठे नेणार? होरोविट्झने 1986 साली मॉस्कोला जाताना घरचा पियानो सोबत नेला होता, पण होरोविट्झ एखादाच. तुला-मला सभागृहात जो उभा असेल त्याच्याशीच दोन तासांत ओळख करून घ्यायची असते. शिकवतानाही तेच. समोर येणारा हात आपला नसतो. त्याची बोटं आपल्यापेक्षा आखूड असतील, अंगठा ताठ असेल, आणि तरी सूर त्याच हातातून काढायचा असतो.

आधी पियानोचं सांगते.

जमलं तर एक दिवस आधी जा, नाहीतर त्या दिवशी सकाळी. पोचल्या पोचल्या आपला कार्यक्रम वाजवायला बसू नकोस. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत 88 च्या 88 पट्ट्या एकेक करून, जितक्या हलक्या वाजवता येतील तितक्या वाजव. जोरात वाजवलं की कुठलाही पियानो बरा वाटतो. हलकं वाजवताना त्याचा खरा स्वभाव कळतो. कुठली पट्टी बोलतच नाही, कुठली एकदम ओरडते, कुठली खाली गेली की रेंगाळत वर येते, हे मनात टिपून ठेव. मग पेडल. पाय किती खाली गेल्यावर तारा मोकळ्या होतात, तो बिंदू शोध. प्रत्येक पियानोत तो वेगळा असतो. डावं पेडल दाबून पाहा. ग्रँडमध्ये त्याने सगळी यंत्रणा थोडी बाजूला सरकते आणि हातोडी तीनऐवजी दोनच तारांवर पडते, म्हणून सुराचा रंगच बदलतो. तुझ्या घरच्या उभ्या पियानोत हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात, आवाज लहान होतो, रंग तोच राहतो. घरी जमवलेला परिणाम तिथे मिळणार नाही, हे आधीच ठाऊक असू दे.

तोच सूर भराभर पुन्हा वाजवायचा असेल तिथेही हा फरक आडवा येतो. पियानो बनवणाऱ्या एरारने 1821 साली ग्रँडसाठी जी युक्ती केली, तिच्यामुळे पट्टी अर्धी वर आली तरी सूर पुन्हा वाजतो. उभ्या पियानोत पट्टीला बरंच वर यावं लागतं. घरच्या पियानोवर सवय झालेली मुलगी ग्रँडवर उगीच जास्त बोटं उचलते आणि दमते. रिहर्सलमध्ये अशा जागा वेगळ्या काढून मुद्दाम वाजव.

मी पंचविशीत असताना एका शहरात गाडीतून उतरून थेट रंगमंचावर गेले. गाडी उशिरा आली होती, पण आदल्या रात्रीची गाडी पकडणं माझ्या हातात होतं. पावसाळ्याचे दिवस होते. पहिल्या भागात काही जाणवलं नाही. संथ भाग सुरू झाला आणि पेडल दर दाबाला कुरकुरायला लागलं. इतक्या शांततेत ती कुरकुर शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. त्यातच खालच्या सप्तकातली एक पट्टी ओलाव्याने फुगून खालीच अडकली. दर वेळी सूर वाजवायचा आणि करंगळीने ती पट्टी वर उचलायची, असा तो सगळा भाग मी पार पाडला. सकाळी अर्धा तास मिळाला असता तर ट्यूनरने दोन्ही दुरुस्त केलं असतं. तेव्हापासून ट्यूनरला मध्यंतरापर्यंत थांबवून घेण्याची विनंती मी आयोजकांना पत्रातच लिहिते. त्याचे जादा पैसे कोण देणार, हेही त्याच पत्रात.

एसीची गोष्ट मात्र मला पुष्कळ उशिरा उमगली. ट्यूनर दुपारी येतो तेव्हा सभागृहाचा एसी बंद असतो. संध्याकाळी एसी लागतो, डोक्यावर दिवे येतात, समोर शेकडो माणसं श्वास घेत बसतात. पियानोच्या आतली लाकडी फळी हवेतला ओलावा पिते आणि सोडते. तारांना एकूण ताण 18-20 टनांचा. फळी हलली की सूर हलणारच. म्हणून सांगून ठेव की ट्यूनर यायच्या दोन तास आधीपासून एसी चालू असावा आणि मैफल संपेपर्यंत तो बंद होऊ नये. लोक कुरकुरतील, वीज जाते म्हणतील. तू नम्रपणे पुन्हा सांग.

घरच्या पियानोसाठी वेगळं सांगायला नको, पण तू नव्या फ्लॅटमध्ये राहतेस म्हणून सांगते. वसईच्या घरात माझ्या पियानोच्या खालच्या फळीमागे पावसाळाभर 15 वॅटचा बल्ब जळतो. लाकडाला किंवा नमद्याला चिकटणार नाही, असा तो टांगलेला आहे. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचाच हवा. एलईडीने उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. आणि वर्षातून एकदा वरची फळी काढून हातोड्यांच्या नमद्याला कसर लागली नाही ना, ते पाहत जा.

बारीकसारीक गोष्टी. डोक्यावर पंखा असेल तर स्वरलिपीची पानं उडतात; पंखा बंद करायला सांग किंवा पानं पुठ्ठ्यावर चिकटव. दिवा असा हवा की तुझ्याच हाताची सावली पट्ट्यांवर पडणार नाही. बांगड्या काढून ठेव, पट्टीच्या कडेला लागून वाजतात. साडी नेसणार असशील तर पदर खांद्याला पिनअप कर आणि निऱ्या घोट्याच्या वर घे, नाहीतर काठ पेडलखाली जातो. त्याच साडीत, त्याच चपलेत किंवा अनवाणी, जशी वाजवणार असशील तशी, घरी दोन वेळा पूर्ण कार्यक्रम वाजव. पट्ट्या पुसायला सुती रुमाल जवळ ठेव. मुंबईच्या घामाने प्लास्टिकची पट्टी निसरडी होते.

आता सुराबद्दल. माझे हात आधी चर्चमधल्या पायपेटीवर वाढले. पायपेटीवर पट्टी दाबून ठेवली आणि भाता चालता राहिला की सूर हवा तितका वेळ उभा राहतो. पियानोचा सूर जन्मला की लगेच विरायला लागतो. हातोडी तारेवर पडण्याच्या किंचित आधीच पट्टीपासून सुटते, त्यानंतर तुझ्या बोटाने कितीही दाब दिला तरी काही होत नाही. जे ठरायचं ते पट्टी खाली जाताना ठरतं. म्हणून वाजवण्याआधी सूर कानात ऐकू येऊ दे. आणि वाजवल्यावर तो विरत जातो ते ऐकत राहा, कारण पुढचा सूर मागच्याच्या उरलेल्या आवाजाएवढा आला, तरच दोघे एका ओळीत बसतात. त्यालाच लोक ‘पियानो गातो’ म्हणतात. शोपँ आपल्या शिष्यांना ऑपेरातले गायक ऐकायला सांगायचा. मी तुला सवाई गंधर्व महोत्सवात जाऊन बसायला सांगते. आपल्या पट्ट्यांवर मींड येत नाही, श्रुती येत नाही, ती तिथून उचलायचीही नाही. फक्त गाणारी व्यक्ती श्वास कुठे घेते ते पाहा आणि घरी येऊन आपल्या मोत्सार्टमध्ये तुझा श्वास कुठे आहे ते शोध.

पाठांतरावर थोडं थांबते, कारण मला सर्वांत मोठी दुखापत तिथेच झाली. तिशीत असताना बाखच्या एका फ्यूगमध्ये मी हरवले. विषय पुन्हा येतो, दर वेळी वेगळ्या आवाजात येतो, आणि मी चुकीच्या प्रवेशावरून दोनदा सुरुवातीकडेच परतले. बोटं वाजवत होती, मी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने रंगमंचाच्या पायऱ्या चढताना पोटात गोळा यायचा.

मी त्यातून जे शिकले ते असं. बोटांच्या आठवणीवर विसंबू नकोस. भीतीने पहिली जाते ती तीच. रेल्वेत जसा सांधा असतो, तसे सोनाटात सांधे असतात. पहिल्यांदा विषय येतो तेव्हा सूर एका दिशेने जातात, शेवटी तोच विषय परत येतो तेव्हा दुसऱ्या दिशेने. दोन्ही ठिकाणी सुरुवातीचे सूर सारखे. सांधा चुकला की गाडी थेट मागच्या स्टेशनात. अशी प्रत्येक जागा शोधून तिथे लाल पेन्सिलने खूण कर आणि दोन्ही वाटा एकामागोमाग एक, दिवसातून एकदा वाजव. याशिवाय प्रत्येक रचनेत दहा-बारा थांबे ठरव, जिथून कधीही सुरू करता येईल. शेवटच्या थांब्यापासून उलट क्रमाने पाठ कर. मैफलीच्या आधीच्या आठवड्यात पियानोपासून लांब, खिडकीत बसून, डोळे मिटून पूर्ण रचना मनात वाजव. जिथे अडशील तिथे अजून पाठ झालेली नाही.

आणि समोर स्वरलिपी ठेवून वाजवण्यात काही कमीपणा नाही. रिख्टर उतारवयात सभागृहात अंधार करून फक्त पानांवर दिवा ठेवून वाजवायचा. मायरा हेसनेही पुढे पानं ठेवली. तुझ्या वयात पाठ कर, पण एखादी कठीण आधुनिक रचना असेल तर समोर पान ठेवायला लाजू नकोस.

मारिया ज्वांव पिरेसची गोष्ट तुला माहीत असेल. ॲम्स्टरडॅमला दुपारच्या कार्यक्रमात वाद्यवृंदाने मोत्सार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो सुरू केला आणि ती वेगळाच तयार करून आली होती. संचालक शायी वाद्यवृंद चालवता चालवता तिला धीर देत होता. तिने तो पूर्ण कॉन्चेर्टो आठवणीतून वाजवला. लोक या गोष्टीतून तिच्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात. मी तुला दुसरंच सांगते: कुठली रचना, किती नंबरची, कुठल्या सुरातली, हे पत्रात लिहून दोन्हीकडून होकार घे. आणि एकदा पक्का केलेला कॉन्चेर्टो दर वर्षी एक आठवडा काढून पुन्हा उजळव.

हाताला दुखलं तर थांब. दुखणं सोसून वाजवणं हा पराक्रम नाही. रॉबर्ट शुमानचा उजवा हात विशीतच बिघडला आणि वादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटं 1960 च्या दशकात वळायला लागली. पुढची तीसेक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला, शिकवत राहिला. त्या संगीतातला राव्हेलचा कॉन्चेर्टो पाउल विट्गेनश्टाइनसाठी लिहिलेला, ज्याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. शोपँ शिष्यांना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त बसू देत नसे. तू चार तासांवर जाऊ नकोस, आणि तेही चाळीस-चाळीस मिनिटांनी उठून.

पैशाचं थोडक्यात. मैफलींवर घर चालेल अशी आशा पहिली दहा वर्षं तरी धरू नकोस. संगत कर. परीक्षांच्या हंगामात व्हायोलिन, चेलो, गाण्याच्या मुलांना पियानोची साथ लागते, आणि नीट वाचून वाजवणारे थोडेच आहेत. त्यासाठी रोज एक नवं पान वाच. चुकलं तरी न थांबता शेवटपर्यंत वाच, आणि पुन्हा त्या पानाकडे जाऊ नकोस. फी महिन्याच्या सुरुवातीला घे. शोपँचे शिष्य 20 फ्रँक शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे. त्याला मागायला लागायचं नाही, तुला लागेल. संकोच करू नकोस. एखादं मूल खरोखर गरजू असेल तर त्याला विनामूल्य शिकव आणि त्याबद्दल कोणाशी बोलू नकोस. चेर्नीने लहानग्या लिस्टकडून पैसे घेतले नव्हते.

शिकवण्याचं मात्र मला मनापासून, वेळ घेऊन सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी मूल आलं की पियानोकडे नेण्याआधी त्याला बसवायचं कसं ते पाहा. कोपर पट्ट्यांच्या उंचीला यावं. स्टूल खाली असेल तर उशी ठेव. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट दे. पाय अधांतरी असले की मूल पाठीने तोल सांभाळतं, खांदे वर जातात, आणि मग दहा वर्षं तू खांद्यांना नावं ठेवत बसतेस. पहिल्या तासाला मी अजूनही पाटच आधी शोधते.

दुसरं, पांढऱ्या पट्ट्यांवर पाचही बोटं ओळीत ठेवायला लावून सुरुवात करू नकोस. ही सवय पुस्तकांनी लावली आहे. शोपँ शिष्यांचा हात आधी अशा जागी ठेवायचा की अंगठा आणि करंगळी पांढऱ्या पट्टीवर येतील आणि मधली तीन लांब बोटं काळ्यांवर. मी, तीव्र फा, तीव्र सोल, तीव्र ला, सी. स्वतःचा हात ठेवून बघ. बोटं आपोआप गोल होतात, लांब बोटांना वर जागा मिळते, आखूड बोटांना ओढून घ्यावं लागत नाही. मूल स्वरलिपी वाचायला लागण्याआधीचे दोन महिने हात इथेच घडू दे.

पालक कीबोर्ड घेऊन येतील आणि हाच पियानो म्हणतील. 61 पट्ट्यांचा, बोट टेकलं की वाजणारा. त्यांचा अपमान करू नकोस, त्यांनी हौसेने घेतलेला असतो. पण पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांग की वजनाच्या पट्ट्या असल्याशिवाय हलकं-जोरात शिकता येत नाही, आणि डिजिटल घ्यायचाच असेल तर 88 वजनदार पट्ट्यांचा घ्या. जुना वापरलेला चालेल. सांगायला तू जितका उशीर करशील तितकी मुलाची बोटं वाईट सवयीत रुळतील.

परीक्षांबद्दल माझं मत तुला माहीत आहे. आपल्याकडे मुलं ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या ग्रेडा देतात. त्या चांगल्या आहेत, नेटकेपणा येतो. पण पालक आणि कधी कधी शिक्षकही वर्षभर त्याच तीन रचना घासून घेतात. ग्रेड आठपर्यंत पोचलेल्या मुलाला चोवीस रचना येतात आणि पंचविसावी स्वतः वाचता येत नाही. परीक्षा मुलाला एक वर्षाआड देऊ दे. मधल्या वर्षी त्याला तीस सोप्या रचना वाजवू दे, दोघांनी एका पियानोवर बसून चार हातांनी वाजवू दे, धोबी तलावाच्या फुर्टाडोच्या दुकानात नेऊन त्याचं पुस्तक त्यालाच निवडू दे.

नववी संपली की मुलं येणं बंद करतात. दहावी आहे, क्लास आहेत. मला पूर्वी फार राग यायचा. आता मी सांगते, बंद करू नकोस, पंधरा दिवसांतून अर्धा तास ये, नवं काही शिकू नकोस, जे आवडतं तेच वाजव. निम्म्याहून जास्त मुलं परत आली आहेत. एक तर पस्तिशीत परत आली, तिच्या मुलीला घेऊन, आणि दोघी शिकल्या.

तू वाजवून दाखवशील, ते साहजिक आहे. कमी दाखव. मूल तुझी नक्कल करेल आणि तुझ्या हाताची चाल त्याच्या हातात बसणार नाही. लेशेटिट्स्की हा चेर्नीचा शिष्य, चेर्नी बेथोव्हनचा. एवढी मोठी परंपरा पाठीशी असूनही आपली ठरीव अशी पद्धत नाही, असंच तो म्हणायचा. त्याच्याकडून पादेरेव्स्की निघाला आणि श्नाबेलही निघाला. त्या दोघांच्या ध्वनिमुद्रिका एकामागोमाग एक ऐक, एकाच घरी शिकले यावर विश्वास बसणार नाही. मुलाच्या हाताला हात लावायचा असेल तर आधी विचार. बोटांचे आकडे पेन्सिलने लिही, शाईने कधीच नको. पुढच्या वर्षी तो हात वाढलेला असतो.

शनिवारी वसईला ये. चार वाजता एक सात वर्षांची मुलगी येते, तीन आठवडे झालेत. तिचा डावा अंगठा आत दुमडतो आणि मला अजून कारण कळलेलं नाही. तू तिच्या डाव्या बाजूला खाली बस, पाटाशेजारी, आणि मी काही सांगायच्या आधी नुसता तिचा हात पाहा. तुला काय दिसलं ते ती गेल्यावर मला सांग.